तळटीपेत मावशी नव्हती

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी एम.ए.चा प्रबंध लिहीत होते. विषय होता धानाच्या शेतीतले शब्द, आणि शब्द बहुतेक माझ्या मावशीचे. बालाघाटकडच्या रामपायलीजवळ तिच्या घरी मी सुटीभर राहिले, रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, तिच्यामागे बांधीतल्या चिखलात उतरले. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण दुसऱ्याकडून आलेला एकही शब्द तिनं आपला म्हणून सांगितला नाही.

"हा माह्या सासूचा हाये. अन् थो तिच्या नणंदेचा, परसवाड्याकडची होती थे. लिहून घे, नाही तं लोक म्हणतीन मावशीच मोठी शहाणी."

मी तसंच लिहिलं. मार्गदर्शक सरांनी मात्र मावशीच्या नावावर लाल रेघ मारली. "नातेवाईक हा संदर्भ होत नाही. छापील आधार द्या."

बालाघाट, जबलपूर, दोन्हीकडची वाचनालयं पालथी घातली. बारा शब्द कुठेच सापडेनात. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली, तेव्हा त्या बाराही शब्दांखाली मी एका जुन्या सरकारी अहवालाचं नाव घातलं. पृष्ठ क्रमांक मनानेच टाकले. कुणी उघडून पाहिलं नाही. मला पहिला वर्ग मिळाला.

बांधलेली प्रत घेऊन मावशीकडे गेले. तिनं हात धुतले, पदराला पुसले, मगच पानाला लावले.

"माहं नाव कुठी हाये?"

मी तळटीपेवर बोट ठेवलं. तिथं अहवालाचं नाव होतं.

"अन् माह्या सासूचं?"

मी पुढच्या तळटीपेवर बोट नेलं.

"एवढ्या बारीक अक्षरात काहून?"

"तसंच असते, मावशी."

"हौ, असू दे." ती त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. मग शेजारणीला हाक मारून तिलाही ती ओळ दाखवली.

मावशी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी एका अनोळखी अभ्यासकाचं पत्र आलं. त्याला तो अहवाल मिळाला होता, पण त्यात ते शब्द नव्हते. मी सगळं खरं लिहून कळवलं. मावशीचं नाव, गाव, तिच्या सासूचं नाव, सासूच्या नणंदेचंही. मावशी आता नाही, एवढं मात्र लिहायचं राहिलं. उलट टपाली त्याचं कार्ड आलं: "त्यांना भेटता येईल का?"

मलाही तर तेच हवं होतं. तिच्यासमोर बसून एकदा कबूल करावं, तिनं रागवावं, दोन दिवस अबोला धरावा आणि तिसऱ्या दिवशी चुलीपासून म्हणावं, "चाल वं, जेवाले ये."