आल्बोराडाची नोंदवही

माझा धाकटा भाऊ कोर्नेलिओ. एन्कार्नासिओनच्या नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली. जन्म, लग्न, मृत्यू, आणि वर शिक्का. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, घरी येऊन एका अवकाशयानाच्या नोंदी करायचा. तेही टीव्हीतल्या! पुठ्ठ्याचं यान, चांदीचा रंग फासलेलं, नाव ‘आल्बोराडा’. कधी उडालं, कुठं आपटलं, डागडुजीला किती दिवस लागले, सगळं सरकारी अक्षरात. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारायचा.

गंमत पुढेच आहे. आमच्या गावच्या वाहिनीनं त्या मालिकेची रिळं उलटीसुलटी लावली. तिसऱ्याच आठवड्यात कप्तान ओर्मासा मेला, आणि चौथ्या आठवड्यात हा बाबा ठणठणीत! कुणीही म्हणेल, रिळं चुकली. पण आमचे साहेब कचेरीत नुकतेच चिकटलेले. रडवेला होऊन म्हणतो, “ताई, मृत्यूची नोंद शाईनं केलीय गं. आता खोडू कशी?”

“अरे गाढवा, जुळा भाऊ असेल त्याचा,” मी म्हटलं.

थट्टा होती हो! बैलोबानं लिहून टाकलं.

मग चार रिकामटेकडे जमले. दर रविवारी आमच्या अंगणात आंब्याखाली तेरेरेची फेरी, म्हणजे पाल्याचं गार पेय, बैलाच्या शिंगाचा एकच पेला, पाळीपाळीनं सगळ्यांच्या हाती. शिंगात पाला मी भरायचा, गार पाणी मी ओतायचं, चीजच्या पावट्या, चिपा, त्याही मीच भाजायच्या. आणि यांनी काय करायचं? त्या जुळ्यानं, म्हणजे वहीतल्या धाकट्या ओर्मासानं, तिसरी मोहीम अर्धवट का सोडली, यावर गळे काढून भांडायचं. शेवटचा शब्द कोर्नेलिओचा. कचेरीत त्याला कुणी बस म्हणत नव्हतं. इथं त्यानं वही उघडली की सगळे गप्प.

मागच्या रविवारी राजधानीहून, असुन्सिओनहून, निल्दा नावाची मुलगी आली. त्याच मालिकेची भक्त. फोनमध्ये सगळे भाग क्रमानं लावलेले.

“काका, कप्तान एकच आहे. तो शेवटच्या भागात मरतो. तुमची अख्खी वही चुकलीय.”

चौघं फिदीफिदी हसले. एकेचाळीस वर्षं माझ्या चिपा खाऊन माना डोलवणारे, मेले! त्यातला एक तर म्हणाला, “मला पहिल्यापासून संशय होता.”

“पण हा जुळा भाऊ काढला कुणी?” निल्दानं विचारलं.

 कोर्नेलिओनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“मीच काढला,” तो म्हणाला. “अक्कल कमी पडली.” वही मिटली, रिकामं शिंग माझ्याकडे दिलं आणि हळूच म्हणाला, “आभारी आहे.”

फेरीत असं म्हटलं की माणूस उठला. पुन्हा त्याला शिंग भरून द्यायचं नसतं. इतक्या वर्षांत हे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. लाज वाटली मला, आणि त्याची नाही.

पाळी निल्दाची होती. मी शिंग भरलं, तिच्या नाकासमोरून नेलं आणि कोर्नेलिओच्या हातात कोंबलं.

“पी मुकाट्यानं! जुळा भाऊ मी काढलाय, ऐकलंत का सगळ्यांनी?” मी म्हटलं. “आणि गाढवा, उघड ती वही. शेवटच्या भागात मेला तो धाकटा. त्याची नोंद राहिलीय.”