लॅबबाईंची बुचाची जमीन

कॉलेजच्या रसायनशाळेत लॅबबाईंनी उभा जन्म बुचांना भोकं पाडण्यात घालवला. चंबूच्या तोंडात बूच, बुचात नळी, आणि ती सैल बसली की पोरांच्या प्रयोगाचा बोऱ्या वाजलाच. बूच नुसतं चिमटीत धरलं तरी बाईंना कळायचं, हे टिकेल की याचा भुगा होईल. पण ते येतं कुठून, हे कुणाला विचारायचं राहूनच गेलं होतं. तो योग आला बाई घरातल्या गुळगुळीत फरशीवर आपटल्या तेव्हा.

मनगट मोडलं. मुलगी धावत आली आणि प्लास्टर वाळायच्या आत तिने फर्मान काढलं, "आई, ही फरशी आता बस झाली. वरून बुचाची जमीन बसवून घेऊ. मऊ असते, पाय घसरत नाही."

"बूच बाटलीला लावतात एवढं मला ठाऊक आहे," खिडकीजवळच्या खुर्चीतून कंडक्टर म्हणाले. "आता घरालाच लावायचं?"

कंडक्टर म्हणजे बाईंचे यजमान. आयुष्यभर बसमध्ये थांबे पुकारले, त्यामुळे आवाज अजून खणखणीत. डोळ्यांनी मात्र दगा दिला. नजर मंदावत मंदावत गेली आणि आता उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हतं. नवख्या माणसाला ते कळतही नसे. बाई दाराशी पोचल्या की हे मान न वळवता म्हणणार, "पिशवी राहिली ना?" बाई गॅसपाशी असल्या तर गॅसकडे तोंड करून बोलणार. आणि बोलणार म्हणजे किती! बाई पहिल्यापासून अबोल, तेव्हा दोघांच्या वाटचं ते एकटेच बोलून घ्यायचे. यांना हे सगळं कळतं कसं, हे मात्र अख्ख्या जगाला 'का' विचारणाऱ्या बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

जमीन बसवणारा कारागीर नमुन्याचे तुकडे घेऊन आला आणि बाईंच्या तावडीत सापडला.

"झाड तोडून काढतात का हो हे?"

"नाही बाई. नुसती साल सोलतात. काही वर्षांनी ती पुन्हा धरते."

"मग तोवर झाड उघडंच? त्याला थंडी नाही वाजत?"

कारागिराने डोकं खाजवलं. आजवर गिऱ्हाइकांनी रंग विचारला होता, भाव विचारला होता, झाडाची थंडी कुणीच काढली नव्हती.

नमुने ठेवून घेऊन बाईंनी घराची प्रयोगशाळा केली. एक तुकडा पाण्यात बुडवला, दुसऱ्यावर गरम पातेलं टेकवलं, तिसरा खुर्चीच्या पायाखाली चेपला. पातेल्याखालचा डागाळला, तो बाद. खुर्चीखालचा थोड्या वेळात पुन्हा वर आला, तो पास. शेवटी स्टीलचा पेला आधी फरशीवर टाकला. ठणाणा झाला. मग तोच पेला बुचावर टाकला. धप, आणि सगळं शांत.

"ऐकलंत? आवाजच नाही!" बाई हरखून म्हणाल्या.

"पैकीच्या पैकी मार्क!" कंडक्टरांनी टाळी वाजवली. दोघंही मनापासून खूश झाले.

सामान आल्यावर कारागिराने गठ्ठे तसेच खोलीत ठेवून दिले. इथली हवा लागू दे, मग बसवू, म्हणाला. पट्ट्या एकीत एक अडकवत गेला, पण भिंतीच्या कडेने बोटभर फट सोडली. बाईंनी लगेच हटकलं. "ओल लागली की फुगतं ते, बाई. हातपाय पसरायला जागा नको का?" हे उत्तर बाईंना इतकं आवडलं की त्यांनी ते मुलीला फोन करून सांगितलं.

जमीन झकास झाली. बाई चपला काढून दिवसभर अनवाणी हिंडू लागल्या.

एकदा त्या बाल्कनीतून वाळलेले कपडे घेऊन आत आल्या, तर कंडक्टर गॅसकडे तोंड करून गोष्ट रंगवत होते. "म्हातारी बकरी घेऊन बसमध्ये चढली बघ. आता तूच सांग, मी तिचं तिकीट फाडलं असेल का?" गॅसपाशी कुणीच नव्हतं. "ऐकतेस ना?" त्यांनी विचारलं. जरा वाट पाहिली. "गेलीस होय," असं पुटपुटून ते गप्प झाले. बाई कपडे छातीशी धरून उभ्याच राहिल्या.

त्यानंतर कंडक्टरांचं बोलणं आटत गेलं. घरात रेडिओ तेवढा बोलू लागला. बाईंचं काळीज कुरतडत होतं. आणि काळीज कुरतडलं की बाईंना एकच करता येई, प्रयोग. त्यांनी रेडिओ बंद केला, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि त्या यजमानांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"अहो, आता तुम्ही चाला."

भिंतीला हात लावत कंडक्टर निघाले. बाईंनी त्यांच्या पावलांसाठी कान टवकारले. फ्रिजची घरघर आली, नळाचं टपटप आलं, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न आला. नवरा काही आला नाही. "अहो?" "अहो, कुठे आहात?" तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"केव्हाचा इथेच उभा आहे."

"मग आवाज द्यायचा ना!"

"तू देतेस?"

बाईंनी टॉवेल सोडला. तो चांगलाच ओला झाला होता. "उखडून टाकू ही जमीन," त्या म्हणाल्या.

"आणि दुसरा हात मोडून घे. काही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतून बारीकसा आवाज आला. "मोरी." थोड्या वेळाने, "ओटा."

कंडक्टर खुर्चीत ताठ झाले. "अगं, मोठ्याने! मागच्या सीटपर्यंत गेला पाहिजे!"

"कपाट!" बाई ओरडल्या आणि स्वतःच लाजल्या. "टेबल! खिडकी!"

कंडक्टरांनी चमच्याने कपावर एकच टोला दिला. एक टोला म्हणजे थांबा. बाई थांबल्या आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "मग त्या बकरीचं तिकीट फाडलंत की नाही?"