वाचलेली स्वयंपाकीण

स्टुडिओत तिला सगळे किंकाळीताई म्हणत. परदेशी मालिका आपल्या भाषेत आणताना मोठ्या पात्रांसाठी मोठे कलाकार असत, आणि मरणाऱ्यांसाठी ही. ती बुडून मेली होती, कड्यावरून पडून मेली होती, एकदा तर अजगराच्या पोटात जाऊन मेली होती. घरी सराव करायची सोय नव्हती. एकदाच केला, तर शेजारचे आजोबा काठी घेऊन धावत आले.

मग ती जपानी ॲनिमेशन मालिका आली. एका वसतिगृहातली माणसं सकाळी उठतात तर दारं नाहीशी झालेली, आणि भिंतीतून कुणीतरी सांगतं की खेळ सुरू झाला. दर घंटेला नवा नियम. नियम मोडला की माणूस जागच्या जागी मातीचा पुतळा. यात तिला वसतिगृहाची स्वयंपाकीण मिळाली. तिच्या पात्राला पहिल्यांदाच वाक्यं होती, आणि चांगली भरपूर होती.

"फार जीव लावू नका, ताई," ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला. "पुढच्या भागात बाईंचं मडकं होणार."

भाग एकेक करून हाती येत. पुढच्या भागात स्वयंपाकीण वाचली. त्याच्या पुढच्यात सावलीवर पाय द्यायचा नाही असा नियम आला, तेव्हा तिनं सरळ दिवेच मालवले आणि सगळ्यांना वाचवलं. किंकाळीताई भाजी चिरता चिरता हे नवऱ्याला रंगवून सांगे. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता.

"अगं, ती चित्रातली बाई," तो म्हणे.

"असेल. पण तिचा जीव माझ्या घशात अडकलाय."

ती शेवटच्या भागाला गेली. पडद्यावर स्वयंपाकिणीनं भिंतीला खांदा लावला, भिंत सरकली, बाहेर लख्ख ऊन. बाई उन्हात उभी राहते आणि सुटकेचा निःश्वास सोडते. बस, एवढंच करायचं होतं.

आणि नेमकं तेच जमेना.

"ताई, दम लागल्यासारखा वाटतोय," काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली. पुन्हा केलं. "आता रडताय." पुन्हा केलं. "आता... मरताय."

सगळे हसले. तीही हसली, पण आतून पार कावरीबावरी झाली. मरणं तिला झोपेतही जमलं असतं. वाचायला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं हेडफोन काढला. "एक विचारू? हिला नंतर मारत नाहीत ना? शेवटी नावं संपल्यावर काहीतरी दाखवतात, तसं?"

"नाही हो," दिग्दर्शिका म्हणाली. "मी पूर्ण पाहिलाय हा भाग. मालिका इथंच संपते."

"नक्की?"

"अगदी नक्की. वाचते ती."

"हुश्श..." म्हणत किंकाळीताई मागच्या स्टुलावर बसली. इतके आठवडे आवळून धरलेले खांदे एकदम खाली आले.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं हात वर केला. "घेतलं. हेच बसवतो."

बाहेर जिन्यात येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मी वाचले."

"कशातून? कुठं आहेस? लागलंय का कुठं?"

"नाही हो. मालिकेत."

"असं बोलत जाऊ नकोस," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाचा चष्मा पडला हातातून."

"फुटला?"

"नाही. तोही वाचला."

ती पायरीवरच बसली आणि पोट धरून हसत राहिली.