लाल शाईतलं ‘थां.’

आमच्या भागात लस द्यायला येणाऱ्या सिस्टरना सगळे चौकोनबाई म्हणतात. लसीच्या बाटलीवर एक छोटा गोल असतो, त्यात फिका चौकोन. बाटली जास्त तापली की चौकोन काळवंडतो. सुई भरण्याआधी बाई ती बाटली आईच्या हातात देतात आणि म्हणतात, “चौकोन फिका आहे ना? तुम्ही सांगा. मी सांगून काय उपयोग?” बावीस वर्षं बर्फाची पेटी अडकवून त्यांचा डावा खांदा उतरलाय. आमच्या शेजारची शिंपीण त्यांचा गणवेश शिवताना त्या खांद्यात कापडाची घडी भरते, म्हणजे बाई सरळ दिसतात.

एवढ्या साध्या बाई. पण साध्या माणसांचाच मला जास्त संशय येतो. नवरा म्हणतो, तू आरशात बघतानाही समोरची कोण म्हणून चौकशी करशील. त्याला हसणं सोपं आहे. तापलेलं मूल त्याच्या मांडीवर नव्हतं.

मुलगी तान्ही असताना डांग्या खोकल्याच्या लसीचा पहिला डोस बाईंनी घरी येऊन दिला. बाराला सुई टोचली, दोनच्या सुमारास अंग तापलं, मांडी टणक झाली. ताप येऊ शकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी त्या निघाल्या नाहीत. चारपर्यंत आमच्या खुर्चीत बसून राहिल्या. तिच्या कपाळाला हात लावायच्या आणि सारख्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. ह्या कशाची वाट बघतायत? ह्यांना काय माहीत आहे, जे मला माहीत नाही? ताप दुसऱ्या दिवशी उतरला, पण ते घड्याळाकडे बघणं माझ्या मनातून उतरलं नाही. पुढचा डोस मी आज-उद्या करत तीन वर्षं लांबवला.

मग नगरपालिकेत ठराव आला: लसीकरण पूर्ण नसेल, तर बालवर्गात प्रवेश नाही. मुलीचा प्रवेश त्याच वर्षी होता. एक सभासद औषधांचे दुकानदार. ते म्हणाले, मूल आईबापांचं आहे, सुई टोचायची की नाही हे पालिका कोण ठरवणार? दुसरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं म्हणणं, वर्गात एकाला डांग्या खोकला झाला, तर त्याच्या धाकट्या भावंडाला कोण विचारतंय स्वातंत्र्याचं? मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही संशय यायचा. दुकानदारांच्या काचेत ताकदीच्या औषधांची रांग होती. मुख्याध्यापकांना उभी हयात रांगेत उभी केलेली मुलं बघायची सवय.

मुलीचं लसीचं जुनं कार्ड शोधायला म्हणून मी आरोग्य केंद्रात गेले. बाई फोन घ्यायला आत गेल्या, त्यांची लसीकरणाची वही टेबलावर उघडी. मी वाचली. खोटं कशाला बोलू, पान उलटूनही वाचली. अकरा नावांपुढे लाल शाईत एकच अक्षर: ‘थां.’ माझ्या मुलीपुढे ‘थां.’ शिंपिणीच्या मुलापुढेही ‘थां.’ आम्ही दोघीच तर गल्लीत सर्वांत जास्त प्रश्न विचारायचो. म्हणजे ही यादी होती. थांबवा. ह्यांना शाळेच्या दारात थांबवा.

घरी येऊन शिंपिणीला सांगितलं. तोंडातल्या टाचण्या काढत ती म्हणाली, “अगं, त्या बाईला स्वतःचा खांदा सांभाळता येत नाही, ती कसल्या याद्या करणार?” पण दुसऱ्या दिवशी तीही माझ्याबरोबर पालिकेच्या सभेला आली.

सभेत नागरिकांना दोन मिनिटं बोलू देतात. मी उठले आणि त्या अक्षराचा अर्थ विचारला. सभागृहात कुजबुज झाली. दुकानदार लगेच म्हणाले, वही मागवा. अध्यक्षांनी बाईंना पुढे बोलावलं. त्या पेटी खांद्यावरून न काढताच उभ्या राहिल्या.

“थांबले,” त्या म्हणाल्या. “मी थांबले, असं आहे ते.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घरी लस देऊन त्या वेळेवर निघाल्या होत्या. मागे बाळाला ताप आला, एकटी आई घाबरली, बाळाला उचलून भर उन्हात दवाखान्यापर्यंत पळत गेली. बाळ ठीक झालं, पण त्या गल्लीने सहा वर्षं दार उघडलं नाही. तेव्हापासून जिच्या चेहऱ्यावर भीती दिसेल, तिच्याकडे त्या बसून राहायच्या. आपण कुठे बसलो ते विसरू नये, म्हणून लाल खूण.

“अकरा घरी थांबले,” त्या म्हणाल्या. “दहा जणींनी पुढचा डोस चुकवला नाही.” माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. तेवढी तरी दया केली.

दुकानदारांनी वेगळंच पकडलं. पेटी केंद्रात दोनला परत यायला हवी असा नियम आहे. म्हणजे अकरा वेळा ती उशिरा आली. बाई म्हणाल्या, हो, आली. त्या प्रत्येक बाटलीचा चौकोन केंद्रात तपासून घेतलाय, सह्या आहेत. पण ऐकतो कोण? ठराव पुढे ढकलला गेला. चौकशी होईपर्यंत बाईंची फेरी बंद, त्यांना कार्डांच्या टेबलावर बसवलं. दुकानदारांनी बाहेर माझं अभिनंदन केलं. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

आता सक्ती नव्हती. मुलीला तसाच प्रवेश मिळाला असता. आठ दिवस मी तेच स्वतःला सांगितलं, आणि मग तिला घेऊन केंद्रात गेले. लस द्यायला नवी सिस्टर होती. तिने बाटली दाखवली नाही. मी मागून घेतली. चौकोन फिका होता. खिडकीशी नेऊन पुन्हा बघितला. फिकाच.

सुई टोचल्यावर मुलगी रडायला लागली. नव्या सिस्टरने पुढचं नाव पुकारलं. चौकोनबाई टेबलावरून उठल्या, आपली खुर्ची ओढत आणली आणि आमच्या शेजारी बसल्या.

माफी मागायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं भलतंच. “सिस्टर, आता वहीत काय लिहिणार?”

“काही नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “वाचणारे फार झालेत.”

अर्धा तास त्या तिच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. घड्याळाकडे ह्या वेळी मीच बघत होते.