उशाशी दोन, पायथ्याशी दोन

मंगळवारी दुपारी तीन वाजता माझा नवरा परळच्या ऑफिसात वारला. माझ्या फोनची बॅटरी संपली होती. ऑफिसातल्या लोकांनी मला फोन केला, तो लागला नाही, म्हणून त्यांनी घरी आईंना केला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. लालबागला नवव्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत त्या एकट्या होत्या. मी तेव्हा दादरला, जिथे मी मुद्रितं तपासते त्या प्रकाशकांकडे, एका जाड पुस्तकाची शेवटची प्रुफं वाचत बसले होते. फोन पर्समध्ये होता आणि सकाळपासून मी तो पाहिलाही नव्हता. मी घरी पोचले ती साडेपाचला, नेहमीसारखी, भाजी घेऊन. अडीच तास आईंनी ती बातमी एकटीने सांभाळली होती. शेजारी आले होते, पण आईंनी कोणालाच आत येऊ दिलं नव्हतं. "सुनेक आधी सांगूक होया," म्हणत होत्या म्हणे.

त्या दिवसापासून आईंनी आपला फोन चार्जरवरून फारसा काढला नाही. उशीच्या डाव्या बाजूला प्लग, तिथे वायर, वायरीच्या टोकाला फोन, फोनच्या पडद्यावर मुलाचा फोटो. नव्वद टक्के दिसले तरी त्या वायर लावत. देवळात जायचं सोडलं, खाली गाळ्यात मसाला कुटायला द्यायला जायच्या तेही सोडलं. मला मात्र दिवसातून चार वेळा विचारत, "तुझो किती हा?" मी आकडा सांगायची. त्या मान हलवायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. त्या कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला पुस्तक उघडून बसता आलं असतं. अकरा महिने कामाबाहेर मी एक पान धड वाचलं नाही. एका खोलीतल्या दोन बायका, आणि दोघींचं लक्ष टक्क्यांवर.

वर्षश्राद्ध गावच्याच घरी व्हायला हवं, असं आई पहिल्यापासून म्हणत होत्या. गाव मालवणच्या बाजूला. पण त्यांची कंबर अशी की गाडीत चार तासांपलीकडे बसवत नाही, आणि लॉजमध्ये परक्या गादीवर त्या झोपत नाहीत. याच अडचणीसाठी माझ्या नवऱ्याने जीपमागे ओढायचा एक छोटा ट्रेलर बनवून घेतला होता. आत आडवी फळी, फळीवर गादी, एका कोपऱ्यात गॅसची शेगडी. आईने जीपमध्ये बसून यावं, वाटेत मुक्कामाला ट्रेलरमध्ये आपल्या गादीवर झोपावं, असा बेत. ट्रेलर रे रोडला त्याच्या मित्राच्या गोदामात उभा होता. मित्राचा धंदा मंडपांच्या रोषणाईचा. गोदामात लाकडी चौकटी, झुंबरं, वायरींची भेंडोळी, आणि मधे हा पांढरा डबा.

ट्रेलरमधलं एकच काम राहिलं होतं, फोन चार्ज करायची सोय. ती नसेल तर आई गावाला येणार नव्हत्या. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. "रातभर फोन बंद पडलो तर?" यावर मला बोलायचा अधिकार नव्हता.

नवऱ्याच्या वहीत त्या कामाची आकृती होती. फळीखाली बॅटरी, बॅटरीला लागून फ्यूज, फ्यूजपासून लाल आणि काळी वायर. सॉकेट चार, असं लिहिलेलं. लोहार चाळीतल्या विजेच्या दुकानातून आणलेली चार सॉकेटंही खोक्यात होती, थेट बॅटरीवर चालणारी, फोनची वायर सरळ खोचायची. प्लायवूडवर पेन्सिलीने त्याने वर्तुळं काढून ठेवली होती. गादीच्या एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकालाही, बरोबर त्याच उंचीवर, दोन.

मी ती वर्तुळं पाहिली आणि माझ्या सवयीप्रमाणे वाचली. माणूस झोपतो एका बाजूला डोकं करून. दोन माणसांचे दोन फोन, म्हणजे दोन सॉकेटं पुरेत. दुसरी जोडी म्हणजे आधी चुकीच्या टोकाला काढलेली आणि पुसायची राहिलेली खूण. वहीतला चारचा आकडाही मी जादाची दोन धरूनच वाचला. छापील मजकुरात एकच ओळ दोनदा आली की मी दुसरी खोडते. वीस वर्षं तेच करते आहे. मी पॉलिश पेपरने ती दोन वर्तुळं घासली आणि वर वार्निशचा हात दिला. आईंना विचारावं असं मनातही आलं नाही.

मित्राने उरलेल्या दोन खुणांवर भोकं पाडून दोन सॉकेटं बसवली. गणपती जवळ आले होते, त्याला दम घ्यायला वेळ नव्हता.

"वहिनी, हे दोन उरले. कुठे टाकू?"

"जादाचे असतील."

"तो आणि जादा आणणार? एक स्क्रू जादा आणायचा नाही तो, भांडायचा दुकानदाराशी." तो हसला. मग हसणं मधेच सोडून वायर गुंडाळायला लागला.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही आईंना रे रोडला घेऊन गेलो. अकरा महिन्यांत त्या पहिल्यांदाच इमारतीच्या बाहेर पडल्या. हातात पिशवी, पिशवीत फोन, चार्जर, आणि एक जादा चार्जर. मित्राने ट्रेलरच्या पायरीखाली पाट ठेवला. आई आत चढल्या, गादी हाताने दाबून पाहिली, सॉकेटांकडे पाहिलं. मी त्यांचा फोन लावून दाखवला. निळा दिवा लागला.

"आडव्या होऊन बघा ना," मी म्हटलं.

आईंनी दारातून बाहेर पाहिलं. "सूर्य खयसून येता हय?"

मित्राने गोदीच्या बाजूला, पूर्वेकडे हात केला. मग आईंनी उशी उचलली आणि गादीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. आडव्या झाल्या. फोन त्यांच्या पायांपाशी लोंबत राहिला.

"आई, उशी इकडे, सॉकेटाकडे."

"थय उत्तर हा." त्या उठून बसल्या. "उत्तरेक डोक्या आणि दक्षिणेक पाय करून कोणाक ठेवतत, तुका म्हायत नाय?"

मला माहीत होतं. माझ्या गिरगावच्या माहेरी हे कोणी पाळत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. लालबागच्या खोलीत अंथरुणाची बाजू लग्नाआधीच ठरलेली. मी इतकी वर्षं त्या बाजूला डोकं करून झोपले आणि ती दिशा कुठली, हे कधी पाहिलंच नाही. खोली फिरत नाही.

मित्र म्हणाला, "आई, लांब वायर आणतो ना मी, तीन मीटरची. टेन्शन नाय."

"आणि फोन पायाकडे ठेवू? त्यात त्याचो फोटो हा."

"मग जिथे थांबू तिथे ट्रेलर फिरवून लावतो. होकायंत्र घेऊनच बसतो, तू बोल."

"पेट्रोलपंपावर जागा गावतली तशी लावतलस. माका शिकवू नको." आई पायरी उतरायला लागल्या. "घरी चल गो."

तेव्हा कुठे मला ती वर्तुळं समजली. ट्रेलर रोज वेगळ्या तोंडाने उभा राहणार, हे त्याला ठाऊक होतं. आई आधी सूर्य विचारणार, हेही. म्हणून दोन्हीकडे. मी दाराच्या कडेला धरून उभी राहिले आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं.

"आई, त्याने त्या टोकालाही खुणा केल्या होत्या. मला चूक वाटली. मी पुसल्या."

आई पायरीवर थांबल्या. "इचारुक काय झालेला?"

त्या एवढंच म्हणाल्या. मला वाटतं, अकरा महिन्यांत माझ्यावर त्या पहिल्यांदाच रागावल्या. घरी जेवताना त्यांनी मला विचारलं, "उरलेली दोन हत मा?"

मित्राला तीन मंडळांची कामं होती, निघायला दोन दिवस होते. तो म्हणाला, "वहिनी, तुम्हीच करा. मी दाखवतो." त्याने ड्रिलला गोल पातं बसवून दिलं, एका फुटक्या प्लायवर माझ्याकडून चार भोकं पाडून घेतली, आणि लाल वायर कुठे, काळी कुठे हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. "आधी फ्यूज काढायचा. विसरलात तर मला फोन नका करू, अँब्युलन्सला करा." मग तो गेला.

वार्निशखाली वर्तुळांचा मागमूस नव्हता. वहीत उंची होती, ती पट्टीने मोजली. पेन्सिलीची खूण केली, पुसली, पुन्हा केली. ड्रिल घसरलं आणि पहिलं भोक जरा तिरकं गेलं. भुसा चष्म्यावर उडाला. दुसरं सरळ गेलं. फळीखाली आडवी होऊन मी वायर ओढली, चिमट्याने टोकं दाबली, फ्यूज पुन्हा बसवला. चारही सॉकेटांना एकेक करून माझा फोन लावला. चारही चालली. तरी समाधान झालं नाही. पुन्हा चारही तपासली.

आम्ही पहाटे निघालो, दर दोन तासांनी थांबून आईंना पाय मोकळे करायला उतरवत. जीप मित्र चालवत होता. वाटेत आईंनी मला नऊ वेळा फोनची टक्केवारी विचारली, मी मोजलं. संध्याकाळी घाटाखाली एका पंपामागे थांबलो. आईंनी मावळतीकडे पाहिलं आणि उशी मी भोकं पाडलेल्या टोकाला ठेवली. तिरक्या सॉकेटावरून बोट फिरवलं. मग माझ्यासमोर हात केला.

"आधी तुझो दी."

माझा फोन त्यांनी स्वतः लावला, निळा दिवा लागला का ते वाकून पाहिलं, आणि मग शेजारी आपला लावला.

श्राद्ध दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या घरी झालं. त्या घरात राहणाऱ्या चुलत पुतण्याने पिंड दिले. कावळा लवकर शिवला, असं सगळे म्हणाले. मी परतायची तयारी करायला लागले तेव्हा आई अंगणात ट्रेलरच्या पायरीवर बसल्या होत्या.

"मी हयच रवतंय," त्या म्हणाल्या. "त्या खोलयेत माका तो फोनच ऐकाक येता."

मी जीपमधून त्यांची पिशवी काढून पायरीवर ठेवली. मित्राने ट्रेलर जीपपासून सोडवला.

आई आता गावी असतात. ट्रेलर त्या घराच्या अंगणात आहे. दुपारी त्या त्यात आडव्या होतात. मी लालबागला एकटी राहते. सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला आम्ही एकमेकींना फोन करतो, आणि तो लागतो.