साहेबापुढचा आजा

बाबांचा आजा एका जाड पुठ्ठ्यावर उभा होता. पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी दोन सारखेच दिसणारे जुने फोटो: उंच चौथऱ्यावर कुण्या गोऱ्या साहेबाचा पुतळा आणि पायथ्याशी डोक्याला फडकं बांधलेला आमचा माणूस. पुतळा किती उंच ते कळावं म्हणून फोटोवाल्याने त्याला तिथं उभं केलं होतं. खाली साहेबाचं नाव छापलेलं. चौथऱ्याचे दगड ज्याने वाहिले त्याचं कोण छापणार?

घरात दोन भिंगांचा लाकडी चष्मा होता. त्यातून एका डोळ्याला एक फोटो दिसे, दुसऱ्याला दुसरा. मग दोन्ही एक होत आणि आजा दगडापासून सुटून पुढे येई. लहानपणी बाबा त्याला हात लावायला जात.

गावी, कोंढ्याला, घराची वाटणी झाली तेव्हा बाबांनी आणि काकांनी पुठ्ठा मधोमध कापला. दोघांना सारखाच फोटो, म्हणजे भांडण नको! एवढे शहाणे भाऊ मी दुसरे पाहिले नाहीत. चष्मा बाबांसोबत जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आला, पण आजा पुन्हा दगडाला चिकटला. काका गोंदियाला गेले. पुढे तो जिल्हाही आमच्यापासून वेगळा झाला.

मग साखरेच्या आजाराने बाबांचे डोळे धरले. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले.

"मले आजा पाहाचा आहे," बाबांनी एकच धोशा लावला. "नजर जायच्या आधी."

मी गोंदिया गाठलं. काकांच्या भिंतीवर फोटोला हार होता, आणि साहेब वरून कापून टाकलेला.

"त्याले घरात कायले ठेवू?" काका म्हणाले. मग स्वतःच फ्रेम उघडली. "ने. माह्या भावाले दाखव."

घरी दोन्ही तुकडे चष्म्यात लावून आधी मी पाहिलं. साहेब आता एकाच तुकड्यात, म्हणून धूसर, थरथरता. आणि पणजोबा पुढे, अनवाणी.

चष्मा बाबांच्या डोळ्यांवर धरला. त्यांनी हात पुढे केला, हवेत चाचपला.

"साहेबच दिसून राहिला," ते म्हणाले. "आजा दगडालेच चिकटून आहे."

मी त्यांचा उजवा डोळा झाकला. "आता?"

"अंधार."

डावा डोळा कधीच गेला होता. आम्हाला सांगितलं नव्हतं. मला रडू फुटलं. पुठ्ठा गोंदियाहून आणला, डोळा कुठून आणू?

"तुले दिसला काय तो?" बाबांनी विचारलं.

"दिसला."

"मंग तू लाव हात."

मी चष्मा लावला आणि हात पुढे केला. बाबा माझं मनगट धरून बसले होते.