पलीकडच्या नंबरची लाल गाडी

सिरोंच्यात कितीतरी गाड्या पलीकडच्या, तेलंगणाच्या नंबरवर धावतात. गोदावरी ओलांडून गाडी आणायची. कागदावरचं नाव बदलायला गडचिरोलीला जायचं तर अख्खा दिवस जंगलातल्या रस्त्यात जातो, म्हणून कोणी जात नाही. मीही गेले नाही. तेव्हा मी साठीची कोवळी पोर, नर्सच्या नोकरीतून नुकती सुटलेली. हैदराबादहून जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली आणि केस काळे करून गावात मिरवली.

गाडी तापायची, काच अर्ध्यावर अडकायची. पोट इतकं खाली की रस्त्यातल्या दर स्पीड ब्रेकरवर घासायचं. मग मी यजमानांना उतरवायची. ते पायी ब्रेकर ओलांडायचे, मी हळूच गाडी काढून पुढे थांबायची.

"स्पोर्टची गाडी म्हणते, अन् धावून मीच राह्यलो!"

"तुमचीच ढेरी कमी होईन," मी म्हणायची.

एकदा आलापल्लीच्या रस्त्यावर ते असेच उतरायला लागले. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, टपरीवरचे लोक हसत होते. बाईसाहेबांची ऐट दुखावली.

"बसा आता. काई नाई होत," मी म्हणाले आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.

पोट आपटलं आणि यजमानांच्या पुढ्यातली एअरबॅग उघडली. नुसती फुगली असती तर ठीक. ती आतून फुटली. लोखंडाची कपची त्यांच्या डाव्या डोळ्यात गेली. चंद्रपूरला डोळा काढावा लागला.

मी जुन्या मालकाला फोन लावला. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "हां अम्मा, कंपनी के मेसेज आते थे. एअरबॅग खराब है, फ्री में बदल देंगे. मैंने सोचा, गाडी तो बेच दी."

कागदावर नाव त्याचंच, तेव्हा कंपनी मला कुठून कळवणार? पण त्याच्याकडे माझा नंबर होता. दर दिवाळीला त्याच नंबरवर दिव्यांचं चित्र पाठवायचा.

कंपनीने पुढे एअरबॅग बदलून दिली, फुकट. डोळ्याचं विचारलं तर म्हणे, गाडी तुमच्या नावावर नाही.

आता गाडीखाली कोंबड्या अंडी घालतात. आम्ही बाजारात पायी जातो. एका डोळ्याने ब्रेकर यजमानांना नीट दिसत नाही, ठेच लागली की कळतो. मग तिथेच उभे राहून चारचौघांत मोठ्याने विचारतात,

"उतरू काय वो?"